फोटोआधीची मोजणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

2024च्या दिवाळीची गोष्ट. आमचं सोनईचं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं होतं. घर म्हणजे काही मोठा वाडा नव्हे. मातीच्या जाड भिंती, पुढे ओसरी, मधे चौक, मागे गोठा. पण चार पिढ्या त्यात नांदल्या. तेव्हा पाडण्याआधी सगळ्यांनी एकदा जमावं आणि चौकात बसून एक फोटो काढावा, अशी टूम माझ्या पुण्याच्या पुतण्यानं काढली. भाऊबीजेचा दुसरा दिवस ठरला.

मग महिनाभर फोन वाजत राहिले. कुणी म्हणे सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, कुणी म्हणे मोरपंखी. एका सुनेनं तर रंगांचा तक्ताच पाठवला. पुरुषांना हा रंग, बायकांना हा, लहानांना हा. माझ्या आईचं वय तेव्हा 83. तिनं तो तक्ता शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "लगीन कुणाचंय?"

माझ्याकडे दोन कामं आली. खुर्च्या आणि सतरंज्या जमवायच्या, आणि ओसरीवरच्या भिंतीला टांगलेला 1974 सालचा फोटो उतरवून, पुसून ठेवायचा. खुर्च्यांचं काम अर्ध्या तासात झालं. फोटो मात्र हातात घेतला आणि मी तिथेच पायरीवर बसलो. आज त्याविषयी बोलायचं आहे. घरच्या मंडळींचा एकत्र फोटो काढायचा म्हणजे तयारी काय करायची, हा विषय. वरवर पाहता अगदी साधा.

1974चा तो फोटो काढला त्यामागे कारण होतं. 1972च्या दुष्काळानं नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, पार होरपळून निघाला होता. आम्ही नेवासे तालुक्यातले. विहिरी आटल्या, गुरं विकली गेली, घरातली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. पुढे पाऊस झाला, ज्वारी पिकली. तेव्हा आजोबा म्हणाले, "सगळी जित्ती राह्यलो. एक फोटू काढून ठिवा." त्याआधी आमच्या घरात फोटो असा नव्हताच. आजीला तर ती कल्पनाच पसंत नव्हती. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं तिच्या माहेरी म्हणत. शिवाय तिघांचा फोटो काढू नये, हेही होतंच. आजोबांनी तिची समजूत घातली, "आपुन तीन कुठं? चांगली दोन डझन हाये."

दिवस ठरला भाऊबीजेचा. फोटोग्राफर नगरहून एसटीनं यायचे होते. त्यांची तयारी आणि आमची तयारी, दोन्ही पाहण्यासारखी होती.

आमच्या बाजूनं म्हणाल तर दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या पोरांचे सदरे शिवलेले होते. त्यामुळे फोटोत आम्ही सात भावंडं एकाच कापडात आहोत, बँडवाल्यांसारखी. मोठ्या चुलत्यांनी शेजाऱ्याचं घड्याळ मागून आणलं होतं आणि ते दिसावं म्हणून डावा हात गुडघ्यावर असा ठेवला होता, की जणू हात मोडलाय. आजोबांनी पटका दोनदा बांधला. आजीनं पेटीच्या तळातलं हिरवं लुगडं काढलं, नथ घातली. माझ्या वडिलांनी एक टेबल मधे मांडून त्यावर घरचा ट्रान्झिस्टर ठेवला. तोही आमच्या घरचाच सभासद. रेडिओवर बोलताना एवढं सांगायलाच हवं, की फोटोत सगळ्यांत नीट आलाय तो ट्रान्झिस्टर. तो हलला नाही.

फोटोग्राफर आले ते तीन पायांचं लाकडी स्टँड, मोठा पेटीसारखा कॅमेरा आणि काळं कापड घेऊन. त्यांनी आधी चौकात सगळीकडे फिरून उजेड पाहिला. आम्हाला वाटलं होतं, छान ऊन आहे तर उन्हात बसवतील. ते म्हणाले, "उन्हात बसलात तर डोळ्यांच्या जागी खड्डे येतील." दुपारी चारपर्यंत त्यांनी आम्हाला तसंच ताटकळत ठेवलं. चौकात भिंतीची सावली पूर्ण आली, वरून मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड यायला लागला, तेव्हा मांडणी सुरू केली. मोठी माणसं खुर्च्यांवर, लेकीसुना मागे उभ्या, पोरं पुढे सतरंजीवर. ओळी एकमेकींना अगदी चिकटून, नाहीतर मागची ओळ पुसट येते. दोनच प्लेटा आणल्यात, तेव्हा दोनच फोटो निघतील, हे त्यांनी तीनदा बजावलं. मग त्यांनी काळ्या कापडात डोकं घातलं. मी तेव्हा दहा वर्षांचा. त्यांनी मला एकदा त्या कापडाखाली बघू दिलं. काचेवर आमचं सगळं घर दिसत होतं, पण खाली डोकं वर पाय. आजोबांचा पटका जमिनीकडे आणि चौकाची फरशी आभाळात. मी घाबरून बाहेर आलो आणि माझी जागा धरली.

फोटो काढणं ही तयारीची गोष्ट आहे, हे या कलेच्या जन्मापासूनचं आहे. 1839 साली पॅरिसमध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली. तेव्हाच्या पत्र्यावर चित्र उमटायला इतका वेळ लागे, की माणसानं मिनिट-मिनिटभर हलायचं नाही. म्हणून स्टुडिओत मानेच्या मागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसं एवढी गंभीर का दिसतात, याचं एक कारण हेच आहे. हसू तेवढा वेळ टिकत नाही. फोटोची विद्या आपल्याकडे फार उशिरा आली असंही नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या आपल्या माणसांना त्या विद्येची गोडी लागली होती. पण स्टुडिओत जाऊन बसणं ही मोठ्या शहरातल्या, खात्यापित्या घरांची गोष्ट राहिली. गावात कॅमेरा पोचायला शंभरेक वर्षं जावी लागली.

कपड्यांच्या रंगाची काळजीही जुनीच. आरंभीच्या प्लेटांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा फार दिसे. त्यामुळे कपाळावरचं लाल कुंकू काळं ठिक्कर येई आणि निळं लुगडं पांढरंफटक. पुढे सगळे रंग ओळखणारी फिल्म आली, तरी फोटोग्राफर सांगत राहिले, की अगदी पांढरं नको, भडक नको, मोठ्या चौकड्या नकोत. म्हणजे आमच्या सुनेनं पाठवलेला रंगांचा तक्ता हा काही नवा आजार नव्हे.

तयारीनं बसून काढलेला एक फोटो किती पुढे जातो, याचं उदाहरण मला नेहमी आठवतं ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात 10 ऑक्टोबर 1885 रोजी तीन विद्यार्थिनींचा फोटो काढला गेला. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आनंदीबाई साडीत. तिघींचा फोटो काढू नये म्हणणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. मार्च 1886मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी 1887मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षात, पुण्यात वारल्या. फोटोच्या दिवसापासून दीड वर्षही गेलं नव्हतं. त्या दिवशी हे कुणाला ठाऊक होतं? त्या जर त्या दिवशी म्हणाल्या असत्या, की मला काम आहे, तुम्ही दोघी बसा, तर जगाला आज तीन देशांतल्या तीन मुली एका ओळीत दिसल्या नसत्या.

आता मी पुन्हा आमच्या चौकात येतो.

फोटोत तेवीस माणसं आहेत. कोण कुठे आहे हे मला पाठ आहे. 2024च्या त्या सकाळी मी काच पुसता पुसता सतरंजीवरच्या आम्हा पोरांकडे पाहिलं. आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. खुर्च्यांवरची आणि मागची सगळी मोठी माणसं समोर, कॅमेऱ्याकडे बघताहेत. पोरं मात्र समोर बघत नाहीत. सातही जणांची तोंडं एकाच बाजूला वळलेली आहेत, कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे. आणि सगळी हसताहेत.

आम्ही आत्याकडे बघत होतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत विधवा झाली आणि माहेरी परत आली ती कायमचीच. आम्हा सात जणांना न्हाऊमाखू घालणारी तीच. दुष्काळात घरातून सगळ्यांत आधी खडी फोडायला गेली तीही तीच. मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची आणि आम्हाला वाटून द्यायची. स्वतः काय खायची हे कुणी विचारलं नाही. "सगळी जित्ती राह्यलो" असं आजोबा म्हणाले त्यात तिचा वाटा मोठा होता. त्या भाऊबीजेला सकाळी तिनं तिन्ही भावांना ओवाळलं. आणि दुपारी चार वाजता, सगळे आपापल्या जागी बसले तेव्हा, ती फोटोग्राफरच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मला तो क्षण चांगला आठवतो. तिला कुणी नको म्हटलं नाही. आमचं घर तसं दुष्ट नव्हतं. ती स्वतःच म्हणाली, "मला कशाला? म्या पोरांकडं बघते. न्हाईतर ही हलायची." आणि कुणी ये असंही म्हटलं नाही. विधवा बाईनं चारचौघांत पुढे यायचं नाही, सणाच्या दिवशी तर नाहीच, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, आणि सगळ्यांत जास्त तिच्याच. तिनं एक वाटी आणि चमचा घेतला आणि वाजवायला लागली. तोंडं वेडीवाकडी केली. आम्ही हसलो. फोटोग्राफरनं बोंड दाबलं. घरात काहीच बिघडलं नाही. सगळ्यांनी चहा घेतला. चहा तिनंच केला होता.

पुढे मुळेच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मुळा कारखाना उभा राहिला. घरात पैसा आला तसा कॅमेराही आला. धाकट्या चुलत्यांनी क्लिक थ्री घेतला. एका रोलमध्ये बारा फोटो. लग्नं झाली, बारशी झाली, अल्बम भरले. पण आत्याची खोड तीच. कॅमेरा निघाला की तिला काहीतरी काम आठवायचं. चुलीवर काहीतरी ठेवलेलं असायचं, गाय सुटलेली असायची. आम्हीही पोरं होतो ती मोठी झालो, शिकलो, पण "आत्या, आधी इथे बस" असं तिला हाताला धरून म्हणालो नाही.

तिचा पहिला फोटो काढला तो सरकारनं. 1993 साली निवडणूक आयोगानं मतदारांना फोटोचं ओळखपत्र देण्याचा निर्णय घेतला. मग पुढे गावोगाव ते काम झालं. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्यातला पहिला फोटो तो आहे. एका ओळीत उभं करून, एकामागून एक, अर्ध्या मिनिटात काढलेला. आत्याच्या कार्डावरचा फोटो इतका अंधारा होता, की तिनं स्वतः तो बघून विचारलं होतं, "ही कोन म्हातारी?"

2006 साली आत्या गेली. दशक्रियेला फोटो लागतो. घरभर शोधलं. लग्नाचे अल्बम उलटेपालटे केले. एका फोटोत दारातून तिचा पदर दिसत होता, एकात पाठ. शेवटी ते मतदार कार्ड घेऊन एका स्टुडिओत गेलो. तेव्हा कॉम्प्युटर नवे नवे आले होते. त्यांनी तो अंगठ्याएवढा फोटो मोठा केला, ठिपके पुसले, चेहरा गुळगुळीत केला आणि खाली एक भारीतली साडी जोडून दिली. कुणाच्या तरी खांद्यांवर आत्याचं तोंड. तिनं जन्मात तसली साडी नेसली नव्हती. त्याला हार घातला. आलेल्या बायकांतली एक हळूच दुसरीला म्हणाली, "ही वाटत न्हाई ती." खरंच नव्हती.

मी हे सांगतो आहे ते कुणाला दोष देण्यासाठी नाही. दोष द्यायचाच तर मला द्यावा लागेल. दहा वर्षांचा असताना नव्हे, पण तीस वर्षांचा असताना माझ्या हातात कॅमेरा होता. आणि ही फक्त आमच्या घरची गोष्ट नाही, म्हणून सांगतो. तुमच्या घरचे जुने अल्बम काढून बघा. त्यातून कोण गायब आहे? ज्यांच्या हातात कॅमेरा होता ते वडील किंवा काका सापडत नाहीत. स्वयंपाकघरातून बाहेर यायला ज्यांना उशीर झाला त्या काकू सापडत नाहीत. घरात वर्षानुवर्षं राबलेला सालगडी सापडत नाही. जी माणसं सगळ्यांच्या सोयीसाठी बाजूला होतात, ती फोटोतूनही बाजूला होतात. त्यांना कुणी ढकललेलं नसतं. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं, एवढंच.

आता 2024ची तयारी. पुतण्यानं श्रीरामपूरहून एक तरुण फोटोग्राफर बोलावला होता. हुशार मुलगा. त्यानंही आल्याबरोबर उजेड पाहिला आणि म्हणाला, चार वाजता बसू. मला पन्नास वर्षांपूर्वीचे ते गृहस्थ आठवले. कॅमेरे बदलले, पण सूर्य तोच आहे. त्याच्या सूचना तुमच्याही उपयोगाच्या आहेत, म्हणून सांगून टाकतो. उन्हात बसू नका, मोकळ्या सावलीत बसा. दोन्ही कडांना जाड माणसं बसवू नका, कडेची माणसं आणखी रुंद दिसतात. फोटोग्राफरला मागे सरकायला जागा ठेवा. म्हाताऱ्या माणसांना शेवटी आणून बसवा, आधीपासून ताटकळत ठेवू नका. लहान मुलांचं खाणंपिणं आणि झोप आधी उरकून घ्या. चष्मेवाल्यांनी मान किंचित खाली घ्यावी, म्हणजे काचा चमकत नाहीत. आणि एकच फोटो काढून उठू नका, कुणीतरी डोळे मिटतंच.

या डोळे मिटण्याचा तर ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी चक्क हिशेब मांडला आहे. त्याबद्दल त्यांना 2006 सालचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. त्यांचा हिशेब सोपा आहे. विसाच्या आत माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनानं भागा, कमी उजेडात दोनानं. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतील. म्हणजे अठरा माणसं, चांगला उजेड, तर सहा फोटो. आमच्या फोटोग्राफरनं तीसेक काढले. पूर्वी दोन प्लेटांत भागवायचं होतं, आता तो प्रश्न उरला नाही.

पण हे सगळं व्हायच्या आधी एक गोष्ट घडली. माणसं जमायला लागली, खुर्च्या भरायला लागल्या. माझ्या चुलतभावाची सून हातात मोबाईल घेऊन समोर जाऊन उभी राहिली. वय पस्तीसच्या आतबाहेर. 2021च्या करोनात तिचा नवरा गेला. पदरी आठ वर्षांचा मुलगा. नोकरी करते, घर चालवते, शिकलेली आहे. ती म्हणाली, "तुम्ही सगळे बसा. मी मोबाईलवर पण काढून ठेवते. आणि मुलं समोर बघत नाहीत, मी इथून त्यांना हाका मारते."

तेच वाक्य. पन्नास वर्षांनी. शब्द बदलले होते, शुद्ध झाले होते, पण वाक्य तेच.

आणि पुन्हा कुणी काही बोललं नाही. एकजण तर म्हणाला, "हां, बरं होईल." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मे 2022मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या बाबतीतल्या जुन्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. राज्य सरकारनंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. ती बातमी आम्ही सगळ्यांनी वाचलेली, तिचं कौतुक केलेलं. आमच्या घरात तर तिच्या बांगड्याही कुणी फोडल्या नव्हत्या. आम्ही सुधारलेलेच होतो. तरीही ती कॅमेऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती आणि आम्ही तिला उभं राहू देत होतो.

मी जुना फोटो पाहिला नसता, तर माझ्याही ते लक्षात आलं नसतं. मी उठलो. आता आपण काहीतरी मोठं बोलावं, असं मनात आलं. पण मी तोंड उघडायच्या आत मधल्या खुर्चीवरून आईचा आवाज आला. आईही विधवाच. पण म्हातारपणी, नातवंडं-पतवंडं झाल्यावर विधवा झालेल्या बाईला घर मधल्या खुर्चीवर बसवतं. तरुणपणी झालेलीला बसवत नाही. हा फरक तिला आमच्यापेक्षा जास्त कळत असणार, कारण 1974च्या फोटोत ती मागच्या ओळीत उभी होती आणि तिची नणंद समोर वाटी वाजवत होती.

आई म्हणाली, "त्यो मोबाईल दे त्या फोटोवाल्याच्या पोराकडं. हितं ये."

"असू द्या आजी, मी नंतर..."

"नंतर कदी?" आई म्हणाली. "एकीला नंतर म्हणलो व्हतो."

चौक गप्प झाला. तरुण मंडळींना काही कळलं नाही, पण आम्हा चार-पाच जणांना कळलं. मी काही बोललो नाही. आईच्या शेजारी एक खुर्ची सरकवली, एवढंच केलं. ती येऊन बसली. तिचा मुलगा तिच्या मांडीला रेलून उभा राहिला. मग माझ्या पुतण्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो उठून आत गेला आणि स्वयंपाकघरात भजी तळत बसलेल्या दोघींना गॅस बंद करायला लावून बाहेर घेऊन आला. त्यातली एक घरची, एक मदतीला येणारी मावशी. मावशी म्हणाल्या, "मी कशाला?" पुतण्या म्हणाला, "भज्यांसाठी." सगळे हसले, आणि त्या हसण्यात मावशी बसल्या.

मग फोटोग्राफरनं मोजलं. चौतीस.

घर आता पाडलं आहे. नवीन बांधकामाला पाणी मारण्याचं काम चालू झालं तेव्हा मी तो नवा फोटो छापून आणला, मुद्दाम कागदावर. मोबाईलमधले फोटो मोबाईल बदलला की कुठे जातात, हे तुम्ही अनुभवलं असेलच. आमच्याकडचे 1980च्या सुमाराचे रंगीत फोटो तांबूस पडून पुसट झाले आहेत, कारण त्यातले रंग उडतात. 1974चा कृष्णधवल फोटो अजून लख्ख आहे, कारण त्यात चांदी आहे. तेव्हा महत्त्वाचा फोटो चांगल्या कागदावर छापून घ्या. काचेला थेट चिकटू देऊ नका, ओल्या भिंतीवर टांगू नका. आणि मागे नावं लिहा. शाईच्या पेननं नव्हे, मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला चेहरे दिसतात, नावं दिसत नाहीत.

तर तयारी काय करायची, हा आपला प्रश्न होता. कपडे, उजेड, खुर्च्या हे सगळं करायचंच. पण त्याच्याही आधी एक मोजणी करायची. घरात माणसं किती, आणि कॅमेऱ्यापुढे बसली आहेत किती. दोन आकडे जुळेपर्यंत फोटो काढायचा नाही. जो किंवा जी म्हणेल "मला कशाला", तिच्यासाठी आधी खुर्ची ठेवायची.

नव्या फोटोच्या मागे मी चौतीस नावं लिहिली. मग 1974चा फोटो फ्रेममधून काढला. त्याच्या मागे कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं. बसलेले, उभे, सतरंजीवरचे, अशी डावीकडून उजवीकडे तेवीस नावं लिहिली. आणि खाली थोडी जागा सोडून आणखी एक ओळ लिहिली. कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला उभी, वाटी वाजवत. आणि पुढे आत्याचं नाव.